बांगलादेश सोडून दुसरा देश

मी अर्थशास्त्र शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकं मानधन. कायमचे प्राध्यापक वर्गात शिकवायला जातात आणि मी तास भरायला जाते, असा माझा मीच करून घेतलेला समज आहे. उन्हाळ्यात त्यांना सुट्टी लागते. मला सुट्टी लागत नाही, मी फक्त नसते. दर जूनला नवा अर्ज आणि नवी मुलाखत, आणि त्यातून तरलं की स्टाफरूममधली तीच दाराजवळची खुर्ची, जिच्यावर बसलं की येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी खांद्याला लागते. या खुर्चीतून उठायचं तर एकच वाट होती. पीएच.डी. करायची आणि कायम जागेच्या रांगेत उभं राहायचं. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि माझे केस पांढरे व्हायला लागले होते.

विषय मी निवडला होता तो भारत आणि बांगलादेश यांच्या दरडोई उत्पादनाची तुलना, इतक्या दशकांत कोण किती पुढं गेलं याची. हा विषय मला ग्रंथालयात सापडला नाही, घरात सापडला. माझं सासर सांगलीजवळच्या माधवनगरचं. मोठ्या गिरण्या कधीच्याच गेल्या, पण मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात अशी घरं अजून आहेत, आमचंही त्यातलंच. कापड उठलं नाही की आमच्या गल्लीत एकच वाक्य ऐकू यायचं, बांगलादेशनं खाल्लं. तयार कपडे तिथून येतात, स्वस्त येतात, मग आमचं कोरं कापड कोण घेणार? लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकत होते. बांगलादेश कुणी पाहिला नव्हता, पण शेजारच्या भांडखोर भाऊबंदासारखा तो रोज बोलण्यात यायचा. मला वाटलं, आपल्याला खाणारा हा आहे तरी कोण, एकदा बघावं.

दरडोईचं गणित तसं सोपं. देशात वर्षभरात जे पिकलं, विणलं, घडवलं, त्या सगळ्याची किंमत करायची आणि देशातल्या डोक्यांनी भागायची. दोन देशांचे असे आकडे वर्षामागून वर्ष मांडले की दोन रेघा मिळतात. अवघड पुढंच असतं. डॉलरच्या बाजारभावानं मोजलं तर एक चित्र दिसतं, आणि तेवढ्या पैशात तिथं काय येतं नि इथं काय येतं ते धरून मोजलं तर दुसरंच. त्यात दोन्हीकडची सरकारं मधूनच मोजायचं आधारवर्ष बदलतात, की झालं, मागचं सगळं पुन्हा जुळवत बसा. मी बसले. तवा तापायच्या आधी एक तक्ता, मुलगी शाळेत गेल्यावर दुसरा. खरं सांगायचं तर मला त्या रेघांचा लळा लागला होता. आधी जवळजवळ असलेल्या, मग आमची पुढं निघालेली, आणि अलीकडच्या वर्षांत त्यांची अशी झपाट्यानं वर आलेली की बघत राहावं.

पण मी कोण आहे हे मी विसरले होते, लोक विसरले नव्हते. माझं नाव हजेरीपटावर वाचलं की मी मुसलमान आहे हे कळतं. मुसलमान बाई बांगलादेशाचा अभ्यास करते, एवढंच स्टाफरूमला पुरलं. सुरुवात अगदी गोडीत झाली. काय म्हणतोय तुमचा बांगलादेश, असं चहाच्या वेळी कुणीतरी विचारायचं. मी हसायचे. डॉलरनं मोजलं तर दरडोईत बांगलादेश आपल्या पुढं चालला, अशी बातमी पेपरात आली, त्या दिवशी एका सहकाऱ्यानं सगळ्यांदेखत हात पुढं केला आणि म्हणाला, "अभिनंदन मॅडम. पेढे कधी?"

सगळे हसले, मीही हसले. माणूस वाईट नव्हता, माझी मुलगी आजारी होती तेव्हा त्यानंच माझे तास घेतले होते. म्हणूनच जास्त राग आला. उघड वैऱ्याला उत्तर देता येतं, पण तास घेणाऱ्याला काय देणार? मी सांगायचा प्रयत्न केला की तो आकडा बाजारभावाचा आहे, दुसऱ्या मापानं आपण पुढंच आहोत. तर ते आणखीनच वाईट झालं. आता मी सफाई दिल्यासारखी दिसत होते.

याच दिवसांत मी माधवनगरच्या मागांवर एक छोटं प्रकरण लिहायला घेतलं. दोन देशांच्या रेघा कागदावरच्या, त्यांना आपल्या मातीचा एखादा तुकडा जोडावा असा विचार. आजूबाजूच्या शेडमधून फिरले, प्रत्येक मालकाला दोनच प्रश्न विचारले. महिन्याला कापड किती निघतं, आणि माणसं किती? उत्तरं भराभर आली. दोन माणसं, तीन माणसं. आमच्या शेडचं उत्तर नवऱ्यानं दिलं, दोन माणसं. कापडाला माणसांनी भागलं तर माणशी उत्पादन असं काही झकास आलं की मी हरखलेच. वाटलं, उगाच रडतात आमचे लोक.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे कांड्या भरायला बसले. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात आडव्या धाग्याची जी लहानशी नळी बसते ती कांडी. ती सारखी संपते, सारखी भरून द्यावी लागते, नाहीतर माग थांबतो. आमच्याकडे सकाळी सासूबाई भरतात आणि संध्याकाळी मी. कांडी भरता भरता माझा हात थांबला. दोन माणसांत मी नव्हतेच. सासूबाई नव्हत्या. गल्लीतल्या एकाही शेडमध्ये कांड्या भरणारी बाई माणसांत धरलेली नव्हती. कुणी लबाडी केली नव्हती. आमच्यात माणसं किती म्हणजे मागावर उभे किती, हीच रीत. मी स्वतः याच घरातली, रोज कांड्या भरणारी, आणि मीही ते आकडे बिनदिक्कत लिहून घेतले होते. दुसऱ्या कुठल्या गावच्या संशोधकानं ही चूक केली नसती, त्यानं निदान विचारलं असतं की ही कोपऱ्यातली बाई कोण.

दुसऱ्या दिवसापासून मी परत सगळीकडे फिरले आणि विचारलं, कांड्या कोण भरतं? मालक बुचकळ्यात पडायचे. ते काय, घरच्या घरात. नवरा तर चिडलाच.

"घरचं माणूस कुठं मोजत्यात व्हय? उद्या भाकरी करणारीबी धरशील."

तो चिडून बोलला, पण बोलला अगदी मुद्द्याचं. शेडच्या हिशेबात भागाकाराच्या खाली मी नव्हते, म्हणून माणशी कापड जास्त दिसत होतं. देशाच्या हिशेबात मी खाली होते, एक डोकं म्हणून, पण मी केलेली भाकरी वर कुठंच नव्हती. कुठल्याच हिशेबात मी पुरती नव्हते. आणि बांगलादेशाची रेघ वर का गेली, याचं निम्मं उत्तर मला इथं बसल्याबसल्या मिळालं होतं. तिथल्या बाया घरातून उठून कपड्यांच्या कारखान्यात गेल्या. त्यांचं काम पगारी झालं, म्हणून मोजलं गेलं. कारखाने धड होते असं मी म्हणत नाही, त्या बायांचे हाल मी वाचले होते. पण त्यांना रोज सकाळी बाहेर पडायला एक फाटक होतं. बांगलादेशावरचं एक अख्खं वेगळं प्रकरण त्या फाटकावर उभं राहिलं, आणि ते मी लिहिलेल्यातलं सगळ्यात चांगलं होतं. आजही मला तसंच वाटतं.

ते घेऊन मी साताऱ्याला गेले. माझे मार्गदर्शक सर तिथल्या कॉलेजात. सांगलीहून एसटी, कराडला गाडी थांबते, आणि समोरच पाटणची गाडी लागलेली असते. पाटण माझं माहेर. त्या गाडीत बसलं की तासाभरात आई. मी कधीच बसले नाही. शनिवारी जायचं, सरांना गाठायचं, दिवे लागायच्या आत परत, अशी बोली होती. महामार्गाचं काम संपता संपत नव्हतं, गाडी एका वळणरस्त्यावरून दुसऱ्या वळणरस्त्यावर जायची, आणि मी खिडकीशी बसून घरी उशीर झाल्यावर काय सांगायचं याची तयारी करायचे.

सरांनी प्रकरण वाचलं होतं. छान आहे म्हणाले, आणि उठून त्यांनी दार लोटलं. सर निवृत्तीला आलेले, भल्या स्वभावाचे, कुणाशी वाकडं नको म्हणणारे. बांगलादेशात सरकार कोसळून गेलं होतं, टीव्हीवर रोज तेच चाललं होतं, आणि आपल्याकडे कोण कुठून आलं याची चौकशी गल्लीबोळात सुरू झाली होती. सर बराच वेळ हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले की विषयाला काही अडचण नाही, अडचण वाचणाऱ्यांची आहे. समितीत कोण बसेल, ते काय अर्थ काढतील, सांगता येत नाही. मी विचारलं, यात अर्थ काढण्यासारखं काय आहे सर, आकडे तर सरकारीच आहेत.

"आकड्यांना कोण विचारतंय," सर म्हणाले. "हेच मी लिहिलं असतं तर चाललं असतं. तुम्ही दुसरा एखादा देश बघा. व्हिएतनाम घ्या."

पद्धत तीच राहील, प्रकरणंही तीच राहतील, फक्त देश बदलायचा, असं ते समजावत होते. जणू साडीचा काठ बदलून द्यायचा होता. मी नाही म्हणून उठले. कराडला पाटणची गाडी दिसली तेव्हा मनात आलं, जावं आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगावं. पण आईनं काय सांगितलं असतं? सासरी विचार, म्हणाली असती.

घरी मी कुणाला बोलले नाही. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, आता आणखी वाढणार नव्हती. बांगलादेश ठेवला तर प्रबंध अडकणार, बदलला तर वर्षांचं काम पाण्यात. दोन्ही बाजूंनी दार लावलेल्या खोलीत असल्यासारखी मी वावरत होते, पोळ्या करपवत होते, मुलीवर ओरडत होते.

मग एके दुपारी शेडवर काही जण आले. आमच्याच भागातले, तोंडओळखीचे. कामगार कुठले आहेत ते बघायचं होतं त्यांना. आमच्या मागावरचा माणूस जतकडचा, सीमेलगतच्या गावचा, घरी कानडी बोलणारा. तो फोनवर बायकोशी बोलत होता, गावात टँकर आला की नाही ते विचारत. त्याला फोन ठेवायला लावून आधार कार्ड मागितलं. त्यानं दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं, आणि जाताना माझ्या सासऱ्यांना म्हणाले की चाचा, तुमच्या सूनबाई त्याच देशाचा अभ्यास करतात ना, म्हणून जरा. वाक्य पुरं केलं नाही. आवाज चढवला नाही, कशाला हात लावला नाही. चहा घेता का म्हणून अब्बांनी विचारलं, तर हसून नको म्हणाले.

अब्बा, म्हणजे माझे सासरे, मला या घरात सर्वात जवळचे. मला शिकू द्यायचं का नाही यावर घरात रण पेटलं होतं तेव्हा तेच माझ्या बाजूनं उभे राहिले होते. माझी एसटी चुकू नये म्हणून पहाटे स्कूटरवर स्टँडला सोडायचे. त्या दिवशी त्यांनी माग बंद केले. भरदुपारी शेडमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. मी कांडी मशीनपाशी उभी होते. मी साताऱ्याचं सगळं सांगून टाकलं, सर काय म्हणाले ते आणि मी नाही म्हणाले तेही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बदल पोरी. आपल्याला हितंच ऱ्हायाचंय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. ज्यानं मला बाहेर सोडलं त्यानंच परत बोलावलं, तर भांडायचं कुणाशी? मी बरं म्हणाले आणि आत जाऊन कणीक तिंबायला घेतली.

व्हिएतनामचं आणि माझं घेणं ना देणं. तो नकाशात कुठं संपतो हेही मला नीट माहीत नव्हतं. तरी आकडे जमवले, रेघ काढली. रेघ चांगली होती बिचारी, तीही वर गेली होती, तिच्यातही बाया होत्या, कारखाने होते. पण मला त्या बायांशी बोलल्यासारखं वाटेना. बांगलादेशाच्या बायांच्या ओढण्या, त्यांचे डबे, त्यांची ती घाईची चाल फोटोत बघून मला माझीच नणंद दिसायची. इथं मी परकी होते. फाटकाचं प्रकरण सरांनी चार पानांवर आणलं. माधवनगरचं प्रकरण राहिलं, कारण त्याला कुणाची हरकत नव्हती, कांड्या भरणाऱ्या बायांवर कुणाला आक्षेप असणार? बांगलादेश हा शब्द शोधून शोधून काढला. एक तळटीप तेवढी चुकून राहिली होती, ती सरांनीच पकडली आणि स्वतःच्या पेनानं खोडली.

तोंडी परीक्षा निर्विघ्न पार पडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हिएतनामवर एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर पाठच होतं. आमच्याकडे रीत अशी की त्यानंतर उमेदवारानं सगळ्यांना जेवू घालायचं. कुणाला काही बोलायला जागा नको म्हणून मी शुद्ध शाकाहारी थाळी सांगितली होती, श्रीखंड-पुरी, मसालेभात. पानावर बसल्यावर परीक्षक इकडंतिकडं बघून म्हणाले की हे काय मॅडम, आम्ही बिर्याणीच्या आशेनं आलो होतो. सगळे हसले. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पुऱ्या वाढत राहिले.

पुढच्याच वर्षी साताऱ्यात कायम जागा निघाली. ती मला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला सांगायचं आहे ते वेगळंच. मुलाखत घेणारे चौघंपाचजण होते. वातावरण चांगलं होतं, माझं चुकत नव्हतं. शेवटी मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांनी प्रबंध चाळला. वयस्क होते, चष्म्यावरून बघायचे, बोलण्यात कुठंही कडवटपणा नव्हता.

"व्हिएतनाम बरा सुचला तुम्हाला," ते म्हणाले. "एवढा शेजारी बांगलादेश पडलाय, तो का नाही घेतला? तुम्हाला तर सोपा गेला असता."

माझ्या डोक्यात ती रेघ जशीच्या तशी होती. कुठल्या वर्षी ती दबली, कुठल्या वर्षी उसळली, कुठल्या आधारवर्षापाशी फसवते, दोन मापांत किती अंतर पडतं, बाया कधी बाहेर पडल्या. अख्ख्या जिल्ह्यात हे माझ्याइतकं कुणाला सांगता आलं नसतं. तोंडातून एक वाक्य जरी निघालं असतं तरी मी थांबले नसते, हे मला माहीत होतं. आणि माझ्याशिवाय त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं असतं की हिला हे माहीत असणारच.

मी म्हटलं, "तिथलं मला काही माहीत नाही, सर."

त्यांनी मान हलवली आणि प्रबंध मिटला. बाहेर बाकावर नवी साडी नेसलेली एक मुलगी आपल्या नंबराची वाट बघत होती. तिनं दबक्या आवाजात विचारलं, आत काय विचारतात. मी सांगितलं, विषयावरचंच विचारतात.

घरी पोचले तेव्हा अब्बा दारातच बसले होते. कशी झाली ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं.

"देशाचं काय इचारलं का?"

"विचारलं."

"मग?"

"मला काही माहीत नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यांना खरंच बरं वाटलं होतं, ते त्यांच्या हातावरून कळत होतं. आणि तो हात झटकून टाकावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी मान खाली घालून तशीच उभी राहिले.